पीसीतून एचडीएमआयवर ५७६आय पाठवताना चित्र कधी लोण्यासारखं, कधी थरथरतं: असं का?

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. हॉलमध्ये ४३ इंची एलईडी टीव्ही, त्याला एचडीएमआयनं जोडलेला छोटा कॉम्प्युटर, त्यावर कोडी हा प्लेअर. बघायच्या गोष्टी दोनच: ताईच्या लग्नाची २००५ सालची डीव्हीडी, आणि सॅटेलाइट कार्डावर येणारं फ्री डिशवरचं सह्याद्री. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला कंगव्याचे दात दिसायचे. ‘दात काढायचं काम टीव्हीवर सोपवा, त्याला इंटरलेस्ड सिग्नलच द्या’ असा सल्ला मिळाला, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधून ५७६आय मोड लावला (५७६ ओळींचं इंटरलेस्ड चित्र, म्हणजे आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या). दात गेले. पण आता चित्र कधी लोण्यासारखं सरकतं, कधी नुसतं थरथरतं. पॉझ करून पुन्हा चालू केलं की कधी सुधारतं, कधी बिघडतं. आतल्या खोलीत आजींचा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, त्यावरही हेच दाखवायचंय. दोष केबलचा, ग्राफिक्स कार्डाचा की डीव्हीडीचा?

पॉझ केल्यावर चित्र बदलतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं झालं. त्या एका वाक्यानं निम्मं निदान झालं. केबलमध्ये काहीही दोष नाही. कार्डही बिघडलेलं नाही. तुमचा प्लेअर आणि तुमचं कार्ड यांचं फील्डवर, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींच्या गटांवर, एकमत होत नाहीये, एवढंच. डीव्हीडीत आणखी एक वेगळा दोष असू शकतो, त्याकडे नंतर येतो.

मी सांगलीत आधी लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं. आता बरीच वर्षं लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो आणि घरी टीव्ही-साउंडची जोडणी करतो. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही टोकांनी पाहिलाय: चित्र तयार होताना आणि घरी बघताना.

मुळाशी जाऊ. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, असं म्हटलं जातं, पण कॅमेऱ्यानं सेकंदाला टिपलेले क्षण २५ नसतात, ५० असतात. एका क्षणी एकाआड एक २८८ ओळी टिपल्या, २० मिलिसेकंदांनी उरलेल्या २८८. हे झाले दोन फील्ड. दोन्ही एकात एक विणून ५७६ ओळींची जी फ्रेम फाइलमध्ये ठेवलेली असते, तिच्यात दोन वेगळ्या वेळांची चित्रं असतात. नवरीचा हात हार घालायला पुढे येत असेल, तर सम ओळींत तो एका जागी आणि विषम ओळींत बोटभर पुढे. ही फ्रेम एलईडी पडद्यावर तशीच मांडली की हाताच्या कडेला दात दिसणार. ट्यूबचा टीव्ही ओळी आधी एक गट, मग दुसरा गट अशाच काढायचा, म्हणून तिथे हे दात कुणाला दिसले नाहीत.

आता एचडीएमआय. ५७६आयचा मूळ पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, १३.५ मेगाहर्ट्झ: न दिसणारा भाग धरून आडवे ८६४ पिक्सेल, उभ्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम, गुणाकार करून बघा. पण एचडीएमआयच्या तारेवर २५ मेगाहर्ट्झच्या खालचा क्लॉक चालत नाही. मग उपाय असा की प्रत्येक पिक्सेल दोनदा पाठवायचा. क्लॉक २७ झाला, आडवे पिक्सेल ७२० चे १४४० झाले. सिग्नलसोबत जी माहिती जाते, तिच्यात ‘पिक्सेल दोनदा आहेत’ अशी खूण असते आणि टीव्ही जादाचे टाकून देतो. म्हणून काही ठिकाणी मोडचं नाव ७२०×५७६आय दिसेल, काही ठिकाणी १४४०×५७६आय. दोन्ही एकच. काही ड्रायव्हर त्यापुढे ५० ऐवजी २५ हर्ट्झ दाखवतात, त्यानंही गोंधळू नका, फील्ड ५० च जातात. प्रमाणित यादीत या मोडचा क्रमांक २१ आहे, तो ४:३ साठी, आणि २२ हा १६:९ साठी. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा ३ किंवा त्याआधीचा बोर्ड जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर वापरत असाल, तर कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआयचा गट १ आणि मोड २१ किंवा २२ लिहायचा, तो हाच.

गंमत म्हणजे ५७६पी, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचा मोड, त्याचाही क्लॉक २७ मेगाहर्ट्झच आहे. म्हणजे इंटरलेस्ड पाठवून तारेवरचा भार कणभरही कमी होत नाही. फुल एचडी ६० हर्ट्झला १४८.५ मेगाहर्ट्झ लागतात, ते जी केबल पेलते तिला २७ म्हणजे काहीच नाही. महागडी केबल घेऊ नका, त्या पैशांनी जुन्या कॅसेटी उतरवून घ्या.

आता थरथर. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण या विषयात लोकांचे महिनेच्या महिने इथे जातात.

कार्डाच्या मेमरीत एका वेळी ५७६ ओळींची एक फ्रेम मांडलेली असते. ५७६आय मोडमध्ये कार्ड तिच्यातून आधी वरच्या फील्डच्या ओळी उचलतं, २० मिलिसेकंदांनी खालच्या फील्डच्या, पुन्हा वरच्या, पुन्हा खालच्या. हे चक्र थांबत नाही. इकडे प्लेअर दर ४० मिलिसेकंदांनी नवी फ्रेम मांडतो. ती मांडण्यासाठी तो कार्डाच्या ‘आता पडदा रिकामा’ या इशाऱ्याची वाट बघतो. हा इशारा दर २० मिलिसेकंदांनी येतो, आणि पुढचं फील्ड वरचं की खालचं, हे नेहमीचे प्लेअर विचारतच नाहीत. फ्रेम वरच्या फील्डच्या आधी मांडली गेली तर सगळं सुरळीत: क्षण पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. खालच्या फील्डच्या आधी मांडली गेली, तर टीव्हीला क्षण मिळतात दुसरा, पहिला, चौथा, तिसरा. म्हणजे नवरीचा हात तीन पावलं पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. हीच तुमची थरथर. पॉझ करून चालू केलं की फ्रेम मांडायची वेळ नव्यानं ठरते, शक्यता निम्मी-निम्मी. सुरुवात नीट झाली तरी मध्येच एखादी फ्रेम उशिरा आली की तिथून पुढे चित्र उलटं सुरू होतं.

फील्डची मोजदाद ठेवणारी काही खास जोडणी तुमच्याकडे नसेल, तर या मोडमध्ये विणलेली फ्रेम पाठवणं म्हणजे दर वेळी नाणं उडवणं आहे.

दुसरा धोका स्केलिंगचा. फील्डची रचना ओळींवर बसलेली आहे, त्यामुळे उभ्या दिशेनं चित्र एक ओळ जरी ताणलं किंवा दाबलं, तरी सम ओळींतलं विषम ओळींत मिसळतं आणि मग ते कुणालाच वेगळं करता येत नाही. ड्रायव्हरमधला ‘कडा आत घ्या’वाला सरकता पट्टा, प्लेअरमधला झूम, कोडीच्या पडदा-जुळवणीत ओढलेले कोपरे, यातलं काहीही लागू असेल तर ५७६आयचा मूळ हेतूच संपला. उंची ५७६ ला ५७६ च हवी. आडवं कितीही ताणा, त्यानं फील्ड बिघडत नाहीत.

तिसरी बाब रंगाची. डीव्हीडीत आणि सह्याद्रीच्या प्रसारणात रंगाच्या ओळी उजेडाच्या ओळींच्या निम्म्या असतात, आणि इंटरलेस्ड चित्रात त्या प्रत्येक फील्डच्या स्वतंत्र असतात. प्लेअरनं अख्खी फ्रेम एकच समजून रंग पसरवले, तर एका फील्डचा रंग दुसऱ्यावर सांडतो. शालूचा लाल काठ हलताना बघा. कडेला बारीक आडव्या रेघा दिसत असतील आणि चेहरा मात्र स्वच्छ असेल, तर दोष हाच. शिवाय ५७६आय मिळालं की टीव्ही काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर आहे असं धरून चालतो. कार्ड ० ते २५५ पाठवत राहिलं तर काळे केस आणि काळा कोट यांचा एकच गोळा होतो. ड्रायव्हरमध्ये ‘लिमिटेड’ निवडा.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत स्पष्ट सांगतो. हॉलमधल्या एलईडीसाठी ५७६आय सोडून द्या. तो टीव्ही काही झालं तरी फील्ड मोडून पूर्ण फ्रेमच करणार आहे. तेच काम कॉम्प्युटरमध्ये करा, तिथे ते तुमच्या नजरेखाली होतं. अट एकच: ५० फील्डच्या ५० फ्रेम झाल्या पाहिजेत, २५ नाही. डीइंटरलेसिंगसाठी, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम करण्यासाठी, यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ फिल्टर वापरत असाल, तर दोघांतही दोन प्रकार असतात: फ्रेममागे एक फ्रेम किंवा फील्डमागे एक फ्रेम. फील्डमागे एक, तोच हवा. पहिल्या प्रकारात दात जातात, पण निम्मे क्षणही जातात, आणि हालचाल झटक्याझटक्यानं दिसते. लोक याला ‘डीव्हीडीची क्वालिटीच अशी’ म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ते क्षण डिस्कवर असतात.

कोडीत व्हिडिओनुसार पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय चालू करा, आणि पडदा ५० हर्ट्झवर जातोय याची खात्री करा, १०८०पी ५०. पीसी आपणहून ६० वर बसतो. ५० चित्रं ६० जागांत भरायची तर दर पाचांमागे एक दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा. हे तपासायला बातम्यांच्या वेळी सह्याद्री लावा आणि खालून सरकणाऱ्या अक्षरपट्टीकडे बघा. अक्षरं एकसारखी वाहत असतील तर ५०. अडखळत असतील तर ६०. डोळ्यांना याहून चांगली कसोटी मला मिळालेली नाही. १०८०आय मात्र निवडू नका. ५७६ ओळींचं इंटरलेस्ड चित्र १०८० ओळींच्या इंटरलेस्डमध्ये न्यायचं तर आधी मोडावं लागतं, मग ताणावं लागतं, मग पुन्हा कापावं लागतं. काम तिप्पट आणि फायदा काहीच नाही.

तरीही ५७६आयच द्यायचंय, अशी वेळ येते. समोर खरोखर चांगला व्हिडिओ प्रोसेसर असला, किंवा इंटरलेस्ड सिग्नल जसाच्या तसा ट्यूबपर्यंत नेणारी जोडणी असली, तर मी स्वतः तेच करतो. त्यासाठीची युक्ती अशी: प्लेअरमध्ये ५० फ्रेमचं डीइंटरलेसिंग चालूच ठेवा आणि पडदा ५७६आयवर ठेवा. हे ऐकायला उलटं वाटतं. पण आता दर २० मिलिसेकंदांनी नवी पूर्ण फ्रेम मांडली जाते, म्हणून कार्डानं कुठल्याही ओळी उचलल्या तरी क्षण क्रमानंच जातात. थरथर होणं शक्यच नाही. जुळणी बरोबर बसली, तर कार्ड नेमक्या त्या ओळी उचलतं ज्या फिल्टरनं मूळ फील्डमधून न बदलता ठेवल्या आहेत, आणि टीव्हीला जवळपास मूळ सिग्नल मिळतो. जुळणी चुकली तर भरलेल्या ओळी जातात, चित्र थोडं मऊ होतं, पण हालचाल शाबूत. अक्षरांच्या बारीक आडव्या रेघांत फरक कळतो. मऊ वाटलं तर एकदा पॉझ करून चालू करा.

हे करण्याआधी कार्ड इंटरलेस्ड मोड देतं की नाही ते बघा. नव्या कार्डांपैकी बऱ्याच कार्डांत आणि ड्रायव्हरांत तो काढून टाकलाय. यादीत नसेल तर जबरदस्तीनं घालण्यात दिवस घालवू नका. मध्ये एव्ही रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर, असेल, तर मोडची यादी टीव्हीची नाही, रिसीव्हरची येते, हेही ध्यानात ठेवा.

आजींच्या टीव्हीसाठी बाजारातला एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लागेल. असा स्वस्त कन्व्हर्टर येणारं चित्र आत आपल्या पद्धतीनं मोडून पाल सिग्नल नव्यानं बनवतो, म्हणून त्याला ५७६आय देऊन फील्ड जपले जातील ही आशा ठेवू नका. त्याला ७२०पी ५० किंवा ५७६पी ५० द्या, जे तो घेईल ते. कन्व्हर्टरवर पाल-एनटीएससीचं बारीक बटण असतं, ते पालवर. बसल्या जागेवरून आजींना चित्र सुरेख दिसेल.

आता डीव्हीडी. वरचं सगळं जमूनही ताईच्या लग्नात थरथर राहिली आणि सह्याद्री मात्र स्वच्छ दिसलं, तर दोष डिस्कमध्येच आहे, आणि २००५ च्या लग्नात तो निघण्याची मला दाट शंका आहे. त्या काळात आम्ही सगळे मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर शूट करायचो. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधीचं असतं. डीव्हीडी बनवणारी सॉफ्टवेअरं बहुधा वरचं आधी धरून चालायची. मिक्सिंगवाल्यानं ती एक खूण बदलली नाही की अख्खं लग्न उलट्या फील्डनं डिस्कवर जायचं. त्याच्या मॉनिटरवर ते कळायचं नाही, कारण तिथे फक्त दात दिसायचे, क्रम नाही. माझ्या हातूनही हे झालंय. भावे नाट्यमंदिरात एका हौशी संस्थेचं नाटक शूट केलं होतं. डिस्क दिली, आणि घरी लावल्यावर नटाचा हात उचलताना कापतोय असं संस्थेच्या लोकांना दिसलं. वयस्कर नट होते. आधी सगळ्यांना वाटलं, हात खरंच कापत असेल. मी त्या प्रयोगाला कॅमेऱ्यामागे उभा होतो. हात कापत नव्हता. खूण उलटी होती, हे सापडायला मला चार दिवस लागले, आणि मग ती डिस्क नव्यानं करून दिली.

तपासायची पद्धत सांगतो. मंगलाष्टकांचा भाग काढा. ‘सावधान’ झाल्यावर अक्षता उडतात तिथे थांबा. फील्डमागे एक फ्रेम अशी डीइंटरलेसिंग चालू ठेवून एकेक फ्रेम पुढे सरका. हवेतला एकच दाणा डोळ्यानं धरा, लांबून आलेला, अंतरपाटाच्या वरून जाणारा. तो दर पायरीला पुढेच गेला तर क्रम बरोबर. तीन पावलं पुढे, एक मागे, असा गेला तर क्रम उलटा. मग डीइंटरलेसिंगच्या फिल्टरला ‘खालचं फील्ड आधी’ असं हातानं सांगा, एमपीव्ही या प्लेअरमध्ये हे करता येतं, आणि तोच दाणा पुन्हा बघा. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला आयडेट फिल्टर फाइलभर फील्ड मोजून क्रम सांगतो, पण मी आधी अक्षता बघतो आणि मग त्याचा आकडा.

खूण बदलूनही काही भागांत दात राहतील. ते बहुधा तेच भाग असतील जिथे नवरा-नवरी बदामाच्या चौकटीत दिसतात किंवा चित्र गोल फिरत लहान होतं. तिथे मिक्सिंगच्या वेळीच फ्रेम दाबली गेली आणि दोन्ही फील्ड कायमचे मिसळले. त्याला आता औषध नाही. डीइंटरलेसिंग तिथे फार झगडत असेल तर तेवढा भाग तसाच बघा.

सिनेमाच्या पाल डीव्हीडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे २४ फ्रेमची फिल्म २५ च्या वेगानं चालवलेली असते आणि दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे असतात, फक्त विणायचे. व्हीसीडीत तर ३५२×२८८ च चित्र, इंटरलेसिंगचा विषयच नाही. म्हणून डीइंटरलेसिंग ‘ऑटो’वर ठेवा आणि लग्नासाठी हातानं चालू करा.

आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. डिस्कची हार्ड डिस्कवर प्रत कराल तेव्हा डीव्हीडीतली फाइल आहे तशीच ठेवा. ‘स्वच्छ’ करून, दात काढून, लहान करून मूळ फेकू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा लोकांनी माझ्याकडे चिखलानं भरलेल्या कॅसेटी आणल्या. त्यातल्या काहींचं लग्न आज फक्त कुणा नातेवाइकाकडच्या डीव्हीडीवर उरलंय. आणि ज्यांनी ती आधीच २५ फ्रेमची छोटी फाइल करून ठेवली होती, त्यांच्या लग्नातले निम्मे क्षण परत येणार नाहीत. फिल्टर दर काही वर्षांनी सुधारतात. मूळ फील्ड जवळ असले तर तुम्हाला त्यांचा लाभ मिळेल.

आज रात्री एवढंच करा: पडदा १०८०पी ५०, डीइंटरलेसिंग फील्डमागे एक फ्रेम, झूम आणि कडांची जुळवणी मूळ जागी. आधी सह्याद्रीची अक्षरपट्टी बघा, मग ताईच्या अक्षता. दाणा मागे गेला तर कळवा, आणि डिस्क कुठल्या कॅमेऱ्यावरून बनली हे घरात कुणाला आठवत असेल तर तेही लिहा.